घासू नका! – जुन्या रिव्हॉल्व्हरच्या संग्रहाची गोष्ट

रिव्हॉल्व्हर म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कोण येतो? अर्थातच गब्बर! १९७५ सालच्या 'शोले'मध्ये तो सहापैकी तीन गोळ्या हवेत उडवतो, सिलिंडर गर्रकन फिरवतो आणि मग कोणत्या घरात गोळी आहे हे त्यालाही ठाऊक नसतं. होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये हा सीन शंभर वेळा पाहिलेल्यांनाही ते सिलिंडर नेमकं कसं फिरतं, एका जागी कसं थांबतं, असा प्रश्न सहसा पडत नाही. मी पडलो मेकॅनिकलचा, त्यामुळे मला तो पडला. त्याचं उत्तर शोधता शोधता एका अजब छंदाच्या जगात जाऊन पोचलो. तो छंद म्हणजे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या रिव्हॉल्व्हर जमवणं आणि त्या पुन्हा मूळ रूपात आणणं.

आधीच सांगून टाकतो, माझ्याकडे एकही रिव्हॉल्व्हर नाही आणि रूमवर धाड घालून कोणाला काही मिळणारही नाही! हा छंद मुख्यतः अमेरिकेतला, थोडाफार इंग्लंड-युरोपातला. पण त्यात मेटलर्जी आहे, मॅन्युफॅक्चरिंग आहे, पेटंटची भांडणं आहेत, फसवाफसवी आहे. शिवाय एक असा प्रश्न आहे, जो आपल्या प्रत्येकाच्या घरातल्या जुन्या वस्तूला लागू पडतो : जुनी वस्तू नवी करावी की जुनीच ठेवावी?

कलकत्त्याची बोट आणि लाकडाचं मॉडेल

या कथेचा नायक सॅम्युअल कोल्ट. हा १८१४ साली अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी जन्मला. १८३० साली, म्हणजे आपण दहावी-अकरावीत असतो त्या वयात, तो 'कोर्व्हो' नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून चढला. जहाज निघालं होतं कुठं? थेट आपल्या कलकत्त्याला! या प्रवासात त्याने फिरत्या सिलिंडरचं लाकडी मॉडेल कोरलं, असं सांगतात. घरी परतल्यावर खऱ्या नमुन्यांसाठी पैसे हवेत म्हणून या पठ्ठ्याने काय करावं? 'डॉ. कोल्ट, न्यूयॉर्क, लंडन आणि कलकत्ता' अशी जाहिरात करून गावोगाव लाफिंग गॅसचे प्रयोग दाखवले! स्पॉन्सरशिप मिळत नाही म्हणून रडणाऱ्या आपल्या टेक-फेस्टवाल्यांनी यातून बोध घ्यावा.

१८३६ साली त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं. कल्पना तशी आपल्या थिअरी ऑफ मशिन्सच्या पुस्तकातलीच आहे. सिलिंडरच्या मागच्या बाजूला रॅचेट असतं. अंगठ्याने घोडा मागे ओढला की त्याला जोडलेली खिटी, म्हणजे पॉल, रॅचेटचा एक दात वर ढकलते आणि सिलिंडर एक घर पुढे सरकतं. त्याच वेळी खालून एक खटका सिलिंडरच्या खाचेत बसतो आणि घर बरोबर नळीच्या रेषेत कुलूपबंद होतं. इंडेक्सिंग आणि लॉकिंग, दोन्ही कामं घोडा ओढण्याच्या एकाच हालचालीत!

यंत्र उत्तम होतं, पण धंदा बुडाला. पॅटर्सन गावातला कारखाना १८४२ साली बंद पडला. पुढे मेक्सिकोच्या युद्धाच्या वेळी कॅप्टन सॅम्युअल वॉकर या टेक्सासच्या लढवय्याने सुधारणा सुचवल्या आणि १८४७ साली 'वॉकर कोल्ट' जन्मली. वजन सुमारे दोन किलो! एकूण ११०० च बनल्या : १००० सैन्यासाठी, १०० बाजारासाठी. त्यात दारू इतकी मावायची की काही सिलिंडर फुटायचे. (ही दारू म्हणजे बंदुकीची, गैरसमज नको.) त्या काळचं लोखंड एकजिनसी नव्हतं, त्यात मळीचे धागे असायचे. त्यामुळे पुढच्या 'ड्रॅगून' मॉडेलमध्ये सिलिंडर आखूड करून दारू कमी केली. फॅक्टर ऑफ सेफ्टी पुस्तकात वाचणं वेगळं आणि तळहातावर अनुभवणं वेगळं!

कारखाना की विद्यापीठ?

१८५५ च्या सुमारास हार्टफर्डला कोल्टचा मोठा कारखाना उभा राहिला. तिथला खरा जादूगार होता सुपरिंटेंडेंट एलिशा रूट. ड्रॉप हॅमर, खास बनवलेली मिलिंग मशिन्स, जिग, फिक्श्चर, गेज यांच्या जोरावर त्याने एकेका भागाचं काम अनेक छोट्या ऑपरेशन्समध्ये वाटून टाकलं. या कारखान्यात शिकून बाहेर पडलेल्यांची नावं पाहा. फ्रान्सिस प्रॅट आणि एमॉस व्हिटनी : यांनीच १८६० साली 'प्रॅट अँड व्हिटनी' काढली. या कंपनीच्या नावाची विमानाची इंजिनं आज एरोनॉटिक्सवाल्यांना पाठ असतात. हेन्री लेलँड : पुढे कॅडिलॅक आणि लिंकन या दोन्ही मोटारींच्या मागे हाच माणूस. म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या कारखान्याने मोटारी आणि विमानांच्या धंद्याला माणसं पुरवली.

आता एक मेख ऐका, ती पुढे कामाला येणार आहे. मशिनवर बनलेले हे भाग कागदावर 'इंटरचेंजेबल' म्हणवले जात, पण प्रत्यक्षात शेवटचा मेळ कारागीर कानशीनेच घालायचा. एका रिव्हॉल्व्हरचा भाग दुसरीत अगदी नेमका बसेलच याची खात्री नसे. त्यामुळे एकत्र बसवलेल्या भागांवर तोच नंबर ठोकायचे : नळीवर, फ्रेमवर, सिलिंडरवर, मुठीच्या पट्टीवर, अगदी छोट्या पाचरीवरसुद्धा. हेतू एवढाच की उष्णतेच्या प्रक्रियेला आणि पॉलिशला गेलेले भाग परत आपल्या कुटुंबात यावेत. आज तेच नंबर संग्राहकांसाठी जन्मदाखला ठरले आहेत. सगळे नंबर जुळले तर वस्तू अस्सल, एखादा भाग परका निघाला तर किंमत खाली.

तिकडे इंग्लंडही गप्प नव्हतं. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनात कोल्टसमोर रॉबर्ट अ‍ॅडम्स उभा ठाकला. त्याच्या रिव्हॉल्व्हरची फ्रेम आणि नळी एकाच तुकड्याची, त्यामुळे मजबूत. कोल्टनेही लंडनला कारखाना काढला, पण १८५३ ते १८५६ एवढाच तो चालला.

आणि पेटंटची गंमत! रोलिन व्हाइट नावाच्या गृहस्थाने १८५५ साली आरपार भोक असलेल्या सिलिंडरचं पेटंट घेतलं. तयार काडतूस मागून भरायचं तर असंच सिलिंडर लागतं. हे पेटंट स्मिथ अँड वेसनने भाड्याने घेतलं, नगामागे २५ सेंट द्यायचे ठरवून. करारात मात्र एक कलम असं घातलं की पेटंटचे कोर्टातले खटले व्हाइटनेच लढायचे. बिचाऱ्याच्या कमाईचा मोठा भाग वकिलांकडे गेला! १८६९ साली पेटंट संपलं आणि १८७३ साली कोल्टने ती प्रसिद्ध 'सिंगल अ‍ॅक्शन आर्मी' आणली. काउबॉयच्या कमरेला दिसते ना, तीच. १९४० पर्यंतच्या पहिल्या पर्वात तिचे साडेतीन लाखांहून अधिक नग बनले.

जमवतात तरी कसं?

आपल्याला प्रश्न पडेल की एवढी शस्त्रं लोक घरात ठेवतात कशी? अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यानुसार १८९८ पर्यंत बनलेलं शस्त्र 'अँटिक' गणलं जातं आणि त्याला आधुनिक शस्त्राचे केंद्रीय नियम लागत नाहीत. राज्यांचे कायदे मात्र वेगवेगळे आहेत. त्यामुळे एकाच मॉडेलची १८९८ ची रिव्हॉल्व्हर आणि १८९९ ची रिव्हॉल्व्हर दिसायला जुळ्या बहिणी, पण कायद्याच्या नजरेत निरनिराळ्या. इथे नंबरावरून वर्ष काढण्याला किती महत्त्व येतं ते लक्षात घ्या.

बहुतेक खरे संग्राहक या वस्तू उडवत नाहीत. काळ्या दारूच्या जमान्यातलं लोखंड आजच्या धूरविरहित दारूचा दाब सहन करेल याची शाश्वती नसते. त्यांचा आनंद असतो तो वस्तू वाचण्यात. भिंग घेऊन बसायचं आणि धातूवरची प्रत्येक खूण वाचायची. आपण व्हायव्हाला घाबरतो, ही मंडळी लोखंडाच्या तुकड्याची व्हायव्हा घेतात.

रंग आला कुठून?

आता मेटलर्जीचा तास. झोपू नका, हा खरंच मजेदार आहे.

जुन्या कोल्टकडे पाहिलं तर तीन प्रकारचे रंग दिसतात. नळी आणि सिलिंडर गडद निळे, फ्रेमवर निळ्या-करड्या-तपकिरी रंगांचे ढग आणि काही स्क्रू झगझगीत मोरपंखी. यात रंगाचा एक थेंबही नाही!

निळी नळी म्हणजे 'ब्लूइंग'. लोखंडावर काळ्या ऑक्साइडचा, मॅग्नेटाइटचा, पातळ थर मुद्दाम चढवायचा. तांबडा गंज फुगतो, सुटतो आणि खालच्या लोखंडाला पुन्हा खायला लागतो. काळा ऑक्साइड मात्र चिकटून बसतो आणि तेल धरून ठेवतो. कोल्टच्या काळात हे काम कोळशाच्या भट्टीत व्हायचं. आधी पृष्ठभाग आरशासारखा पॉलिश करायचा, मग सावकाश तापवायचा. त्यामुळे त्या निळाईला खोली असते. विसाव्या शतकात कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या गरम द्रावणात बुडवण्याची झटपट पद्धत आली. ती स्वस्त आणि टिकाऊ, पण तिचा रंग जास्त काळा आणि सपाट. जाणकाराला लांबून कळतो.

मोरपंखी स्क्रू म्हणजे आपण हीट ट्रीटमेंटच्या प्रॅक्टिकलला पाहतो ते टेम्पर कलर. पॉलिश केलेलं पोलाद तापवत गेलं की साधारण २३० अंश सेल्सिअसला गवती पिवळा, २७५ ला जांभळा आणि ३०० च्या आसपास निळा रंग येतो. ऑक्साइडचा थर जसा जाड होतो, तसा प्रकाशाच्या व्यतिकरणामुळे रंग बदलतो. पावसाळ्यात पार्किंगमधल्या डबक्यावर पेट्रोलचे रंग दिसतात, तेच तत्त्व.

आणि फ्रेमवरचे ढग? ते 'कलर केस हार्डनिंग'. फ्रेमचं लोखंड मऊ, कमी कार्बनचं. ते हाडांचा आणि लाकडाचा कोळसा भरलेल्या पेटीत बंद करून काही तास लालबुंद तापवायचं. कोळशातला कार्बन पृष्ठभागात शिरतो. मग सगळा ऐवज हवेचे बुडबुडे सोडलेल्या पाण्यात धाडकन ओतायचा. वरचं कातडं कडक होतं, आतला गाभा मऊ आणि चिवट राहतो, आणि बुडबुड्यांच्या खेळातून ते ढग उमटतात. मूळ हेतू कडकपणा, सौंदर्य बोनस म्हणून. पण दोन फ्रेमचे ढग कधीच सारखे येत नाहीत. शिवाय पाण्यात पडताना फ्रेम वाकण्याचा किंवा तडकण्याचा धोका असतोच. आजही हे काम मोजकेच लोक नीट करू शकतात.

हे सगळे थर मिलिमीटरच्या अगदी बारीक अंशात मोजायचे असतात. एमरी पेपरचे चार हात मारले की दीडशे वर्षांचा पुरावा डस्टबिनमध्ये!

रिस्टोरेशन : दोन पंथ

इथे संग्राहकांत सरळ सरळ दोन पंथ पडतात.

पहिला पंथ म्हणतो, हात लावू नका. गंज पुढे पसरत असेल तर तेवढा थांबवा, तेल किंवा मेण लावा आणि शांत बसा. मूळ निळाई उडून करडा-तपकिरी रंग आला असेल तर तोच तिचा खरा चेहरा. म्हाताऱ्या माणसाच्या सुरकुत्या इस्त्रीने घालवतात का?

दुसरा पंथ म्हणतो, वस्तू घडवणाऱ्या कारागिराने ती अशी गंजकी, खड्डे पडलेली बनवली नव्हती. त्याने काय बनवलं होतं ते लोकांना दिसू द्या. हा पंथ गंजाचे खड्डे बारीक वेल्डिंगने भरतो, कानशीने आणि दगडाने मूळ पातळी आणतो, पुसट अक्षरं पुन्हा कोरतो, जुन्याच दिशेने पॉलिश करतो आणि हाडाच्या कोळशात घालून ढग आणतो. उत्तम कारागिराचं काम पाहिलं तर तोंडात बोटं जातात.

बाजाराचा कौल मात्र बहुतेक वेळा पहिल्या पंथाच्या बाजूने असतो. मूळ फिनिश थोडं जरी शिल्लक असेल तरी ती वस्तू चकाचक रिस्टोअर केलेल्या तशाच वस्तूपेक्षा सहसा जास्त मोलाची ठरते. कारण सोपं आहे. नवं फिनिश आज पुन्हा बनवता येतं. जुनं फिनिश एकदा गेलं की जगात कोणालाही परत आणता येत नाही.

एक उदाहरण देतो. १८५१ च्या 'नेव्ही' कोल्टच्या सिलिंडरवर एक समुद्री लढाई रोलरने उमटवलेली असते. टेक्सासच्या आरमाराची ही लढाई १८४३ साली मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ झाली. हे चित्र कोरलं वॉटरमन ऑर्म्सबी याने, जो नोटा छापण्याच्या ठशांचा कारागीर होता. त्यातल्या रेघा इतक्या उथळ की रोजच्या वापरातही त्या झिजत. एका अतिउत्साही माणसाने सिलिंडर चमकवायचं ठरवलं की आख्खं आरमार बुडालं!

मग रिस्टोरेशन करूच नये का? माझं मत असं की जिथे वाचवण्यासारखं काहीच उरलेलं नाही, नंबर जुळत नाहीत, फिनिश शून्य आहे, भाग तुटले आहेत, तिथे ते जरूर करावं. पण एका अटीवर : काय काय केलं हे लिहून ठेवावं आणि विकताना सांगावं. म्युझियमवाल्यांचे नियमही हेच सांगतात. कमीत कमी हस्तक्षेप करा, जमेल तिथे परत काढता येईल अशीच दुरुस्ती करा आणि सगळ्याची नोंद ठेवा. सांगून केलं तर ते रिस्टोरेशन, लपवून केलं तर ती बनावट. हत्यारं तीच, कारागीर तोच, फरक फक्त तोंड उघडण्याचा.

दिसतं तसं नसतं...

...म्हणून तर जग फसतं! जाणकार फसवणूक कशी पकडतात ते पाहण्यासारखं आहे.

एक, कडा. कारखान्यातून आलेल्या वस्तूच्या कडा धारदार असतात. बफिंग व्हीलवर घासल्या की त्या गोलसर होतात. स्क्रूच्या भोकाभोवती बशीसारखा खोलगटपणा येतो. अक्षरांची एक बाजू खोल आणि दुसरी पुसट दिसते.

दोन, सांधे. नळी जिथे फ्रेमला मिळते तिथे मूळ वस्तूत दोन्ही पातळ्या जवळजवळ एकसंध असतात. वेगवेगळं घासलं की तिथे पायरी पडते. नखाने समजते.

तीन, रंगाची जागा. केस हार्डनिंगचे ढग हाताच्या घर्षणाने आणि उजेडाने विरतात. त्यामुळे खऱ्या जुन्या वस्तूत ते घोड्याच्या मागच्या कोपऱ्यात, आडोशाच्या जागी शिल्लक असतात आणि उघड्या जागी फिके. सगळीकडे सारखाच झगझगीत रंग आणि मूठ मात्र झिजलेली, तर काहीतरी काळंबेरं आहे.

चार, खड्ड्यावरचं फिनिश. गंजाच्या खड्ड्याच्या आतसुद्धा निळा रंग किंवा निकेल असेल तर उघड आहे की आधी गंज, मग रंग. आपल्याकडे सेकंडहँड बाइक घेताना टाकीवरचा पेंट आपण असाच तपासतो की नाही?

पाच, निकेल. स्मिथ अँड वेसनच्या जुन्या निकेल केलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा आणि चाप यांना कारखाना सहसा निकेल देत नसे, त्यांवर केस हार्डनिंगचे रंग असत. तेही चकचकीत पांढरे दिसले तर नंतर कोणीतरी पूर्ण वस्तूच निकेलच्या टाकीत बुडवलेली आहे.

शिवाय इटलीत गेली अनेक दशकं या जुन्या मॉडेलच्या उत्तम प्रतिकृती बनतात. उबेर्ती हे त्यातलं मोठं नाव, १९५९ पासूनचं. प्रतिकृती म्हणून त्या झकास, पण काही महाभाग त्यांवरचे इटालियन चाचणीचे शिक्के घासून, मुद्दाम गंजवून, 'पणजोबांची' म्हणून विकतात. त्यामुळे शिक्का असायला हवा तिथे घासल्याची खूण दिसली तरी माणसं उठून जातात.

आता या सगळ्याला छेद देणारी एक गंमत. मघाशी म्हटलं की नंबर जुळले तर वस्तू अस्सल. पण अमेरिकन सैन्याने १८९० च्या दशकात घोडदळाच्या साडेसात इंची नळीच्या हजारो कोल्ट परत मागवल्या, नळ्या कापून साडेपाच इंची केल्या आणि पुन्हा वाटल्या. हे करताना बहुतेकांचे भाग एकमेकांत मिसळले. संग्राहक याला 'आर्टिलरी' मॉडेल म्हणतात. म्हणजे इथे नंबर न जुळणं हीच स्वाभाविक गोष्ट! आणि अशा रिव्हॉल्व्हरचे भाग 'जुळवून', नवी लांब नळी बसवून जर कोणी तिला पुन्हा घोडदळाची केली, तर त्याने वस्तू सुधारली नाही, तिचा इतिहास खोडला. सैन्याच्या वर्कशॉपने केलेला तो बदलही तिच्या आयुष्याचाच भाग होता. नियम पाठ करून चालत नाही, तो का आहे हे कळावं लागतं. (हे वाक्य परीक्षेच्या आदल्या रात्री वाचू नये, त्रास होतो.)

शंका फिटत नसेल तर कागद बोलतात. कोल्ट कंपनीच्या जुन्या खतावण्या शिल्लक आहेत. नंबर कळवून पैसे भरले की नोंद उपलब्ध असल्यास अमुक नग अमुक तारखेला, अमुक फिनिशमध्ये, अमुक दुकानदाराकडे रवाना झाला असं पत्र मिळतं. पत्रात 'निळी' आणि हातात 'निकेल', तर पुढे बोलायलाच नको.

किंमत कशाची?

२०१८ साली एका वॉकर कोल्टला लिलावात १८ लाख ४० हजार डॉलर मिळाले. बाजारासाठी बनलेल्या त्या शंभरातली ही एक. एका डॅनिश जहाजाच्या कप्तानाने विकत घेतलेली आणि मूळ पेटीसकट टिकलेली. इथे किंमत होती जपणुकीची.

२०२१ साली एका सिंगल अ‍ॅक्शन आर्मीला ६० लाख डॉलरच्या वर किंमत आली. दिसायला अगदी सामान्य, झिजलेली. पण १८८१ साली शेरीफ पॅट गॅरेटने बिली द किड या कुप्रसिद्ध गुंडाला मारलं ते हिनेच. इथे किंमत होती हकिकतीची, आणि ती हकिकत कागदोपत्री सिद्ध करता येण्याची. समजा, कोणा भल्या माणसाने ती मध्येच पॉलिश करून लखलखीत केली असती तर?

आणि आपल्याकडे?

आता कामाचं बोलू, कारण हे वाचून कोणाला तरी गावच्या वाड्यातली, माळ्यावर गुंडाळून ठेवलेली वस्तू नक्की आठवणार.

आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ चा. लायसन्सशिवाय बंदूक-पिस्तूल बाळगणं हा गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य लायसन्सधारकाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात. वारशाने आलेलं शस्त्रही या मर्यादेतच. कलम ४५ मध्ये जुनाट बनावटीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रांना सूट आहे खरी, पण तिची अट नीट वाचा : ते शस्त्र दुरुस्ती करून किंवा न करता, कसंही वापरण्याजोगं होणार नसावं. म्हणजे चालत नाही एवढं पुरेसं नाही, चालू करता येणारच नाही असं हवं. यातला विनोद लक्षात आला का? अमेरिकेत रिस्टोरेशन ही हौस आहे. इथे कायद्याने सूट मिळण्यासारखी एखादी मोडकी वस्तू असेल आणि कोणी 'आपला वर्कशॉपवाला मित्र आहे' म्हणून ती सुरू करून घेतली, तर दोघांची सोय सरकारी होस्टेलमध्ये!

त्यामुळे घरात असं काही सापडलं तर तीन गोष्टी करायच्या नाहीत : घासायचं नाही, खटका ओढून पाहायचा नाही (दीडशे वर्षांपूर्वी भरलेली दारू आतच असू शकते) आणि लपवून ठेवायचं नाही. घरातल्या मोठ्यांना सांगा, आजोबांच्या नावाचं जुनं लायसन्स आहे का ते शोधा, आणि पोलीस ठाण्यात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना विभागात विचारा. सूट आहे की नाही हे आपण आपलं ठरवायचं नसतं. शिवाय शंभर वर्षांपेक्षा जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि ती खासगी व्यक्तीला परदेशात विकायला पाठवता येत नाही. तेव्हा डॉलरची स्वप्नं आवरा.

नुसतं पाहायचं असेल तर त्याला लायसन्स लागत नाही! पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय किंवा मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, दोन्हीकडे जुन्या शस्त्रांची दालनं आहेत. पुढच्या वेळी तिथे गेलात तर काचेला नाक लावून फक्त 'भारी आहे यार' म्हणून पुढे जाऊ नका. कडा पाहा, सांधे पाहा, कुठे झीज आहे आणि का आहे ते पाहा. एखादी तलवारसुद्धा बोलायला लागेल.

जाता जाता

हा सगळा खटाटोप शस्त्रांपुरताच आहे असं मला वाटत नाही. आपल्या इंजिनिअरिंगच्या शिक्षणात आपण वस्तू बनवायला शिकतो, दुरुस्त करायला शिकतो, पण थांबायला कोणी शिकवत नाही. वर्कशॉपच्या कोपऱ्यातलं जुनं लेथ, सर्व्हे लॅबमधला पितळी थिओडोलाइट, घरचा स्टोव्ह, आजीचा अडकित्ता. यांना हात लावण्याआधी भिंग घेऊन बसावं. कोणाच्या अंगठ्याने इथे झीज झाली? हा ओरखडा कशाचा? हा नंबर कोणी ठोकला? उत्तरं लिहून काढावीत, फोटो घ्यावेत. गंज पसरत असेल तर तेलाचा हलका हात द्यावा. ब्रिटिश म्युझियममध्ये १९५० च्या दशकात यासाठी एक खास मेण तयार केलं गेलं आणि म्युझियमवाले ते आजही वापरतात. तेही पुसून काढता येतं, हे महत्त्वाचं.

आणि एवढं करूनही वस्तू नवी करावीशी वाटली, तर जरूर करा, मन लावून करा. फक्त काय काय बदललं त्याची चिठ्ठी आत ठेवा. पुढच्या पिढीतला एखादा मेकॅनिकलवाला ती उघडेल, तेव्हा त्याला खरं कळायला हवं.

तोपर्यंत एमरी पेपर फक्त फिटिंगच्या जॉबसाठी!